शब्दसंग्रहाचा डेटाबेस : 'संसाधन अपुरे' हा संदेश आणि तात्पुरत्या फायली

बोलीअभ्यासाच्या प्रकल्पासाठी आपण घोडपदेव परिसर निवडला आहे, असे समजू. गिरणगावातील वृद्ध कामगारांकडून 'खाडा', 'बदली', 'पाळी', 'भोंगा', 'साचा', 'जॉबर' असे ४,००० शब्द आणि ते ज्यांत आले ती १२,००० वाक्ये आपण ॲक्सेस या डेटाबेस प्रणालीत नोंदवली. प्रत्येक शब्दापुढे त्याची वाक्ये यावीत म्हणून यादी मागितली, तोच पडद्यावर 'सिस्टीम रिसोर्स एक्सीडेड' असा संदेश उमटला. संग्रह फार मोठा झाला, असा समज करून घेऊन अभ्यासक अशा वेळी नोंदी वगळू लागतो. तसे मुळीच करू नये. १९८२ च्या संपाआधीची गिरणी ज्यांनी अनुभवली, ते आज साठी ओलांडलेले आहेत. वगळलेला शब्द सांगणारा माणूस पुन्हा भेटेलच असे नाही.

संग्रह खरोखर मोठा आहे का, ते मोजून पाहता येते. 'गिरणी' या शब्दात अक्षरे तीन, परंतु युनिकोडच्या दृष्टीने चिन्हे पाच : ग, ऱ्हस्व वेलांटी, र, ण, दीर्घ वेलांटी. ॲक्सेसमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेते. (त्यातील युनिकोड-संक्षेपाची सोय रोमन लिपीला उपकारक आहे, आपल्या लिपीला नाही.) एका वाक्यात साधारण ६० चिन्हे धरली, तर १२,००० वाक्यांना जेमतेम दीड एमबी जागा लागते. फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. शब्दांनी ती भरणे जवळजवळ अशक्य. ती भरते ध्वनिमुद्रणांनी. म्हणून मुद्रणे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत आणि तक्त्यात फक्त त्यांचा मार्ग लिहावा.

मग अडचण कोठे आहे? जुन्या पद्धतीने काम करणारा कोशकार शब्दपट्टिका वर्णक्रमाने लावताना त्या जमिनीवर पसरतो. यादी झाली की जमीन मोकळी होते. संगणकाची ही जमीन म्हणजे तात्पुरत्या फायली. क्रम लावणे, दोन तक्ते जोडणे अशी कामे स्मृतीत मावली नाहीत, की प्रणाली अशा फायली तयार करते आणि काम संपल्यावर त्या पुसते. प्रणाली मध्येच बंद पडली, तर त्या तशाच राहतात.

आधी आपली मागणी तपासावी. माझ्या मते दोष बहुधा तिथेच असतो. शब्दांचा तक्ता व वाक्यांचा तक्ता शब्दक्रमांकाने जोडायचे राहिले, तर प्रत्येक शब्द प्रत्येक वाक्याशी जुळवला जातो. ४,००० गुणिले १२,००० म्हणजे ४ कोटी ८० लाख ओळी! एवढ्या पट्टिका पसरायला जमीन कोठून आणणार? जोडणी दुरुस्त केली, की हीच यादी १२,००० ओळींची होते.

मागणी निर्दोष असूनही संदेश आला, तर जागा पाहावी. विंडोजमध्ये तात्पुरत्या फायलींचे ठिकाण 'टेम्प' व 'टीएमपी' या दोन पर्यावरण-चलांत नोंदलेले असते. सर्व प्रणाली बंद करून त्या फोल्डरमधील जुन्या फायली काढाव्यात. सी ड्राइव्हच भरला असेल, तर दोन्ही चलांत मोकळी जागा असलेल्या दुसऱ्या अंतर्गत ड्राइव्हचा पत्ता द्यावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पेनड्राइव्हचा पत्ता देऊ नये. तो संथ असतो आणि काम चालू असताना निघूही शकतो.

'फाइल शेअरिंग लॉक काउंट एक्सीडेड' हा संदेश मात्र निराळा आहे. अनेक नोंदींचे लेखन एकाच आदेशाने बदलताना प्रणाली बदलल्या जाणाऱ्या भागांना कुलपे लावते. त्यांची मूळ मर्यादा ९,५०० आहे. ती वाढवता येते, पण आपल्याला त्याची गरज नाही. आधी स्वरांनी सुरू होणाऱ्या नोंदी, मग क-वर्ग, मग च-वर्ग, असे टप्पे पाडावेत. वर्णमालेचा हा उपयोग आपल्याला पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

शेवटी, पुसलेल्या नोंदींची जागा फाइल आपणहून सोडत नाही. त्यासाठी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही आज्ञा आहे. ती देण्यापूर्वी फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती प्रत उघडून दोन-चार शब्द वाचून पाहावेत.