जुनी डस्टर घेताय? आधी दुरुस्तीचा हिशेब मांडा

नव्या एसयूव्हीच्या किमती मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागल्या, तसा जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे ग्राहकांचा ओढा वाढला. या बाजारात हमखास दिसणारे एक नाव म्हणजे रेनॉची डस्टर. जुलै २०१२ मध्ये भारतात दाखल झालेल्या या गाडीने मोटारीची सुखद चाल आणि एसयूव्हीची उंची यांचा मेळ घातला. चेन्नईजवळील ओरगडम येथील कारखान्यात तयार होणाऱ्या या पहिल्या पिढीच्या डस्टरचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. साहजिकच तिच्या किमती उतरल्या. मात्र गाडी स्वस्त मिळाली म्हणजे ती स्वस्तात पडली, असे होत नाही. विक्रेत्याला मोजलेली रक्कम आणि पहिल्या वर्षातील दुरुस्तीचा खर्च, या दोहोंची बेरीज हीच तिची खरी किंमत होय.

बाजारात मिळणाऱ्या डस्टरपैकी अनेक गाड्या डिझेलच्या आहेत. त्यांतील १४६१ सीसीचे इंजिन ८५ आणि ११० पीएस अशा दोन क्षमतांत मिळत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा कंपनीने हे डिझेल इंजिन बंद केले. म्हणजेच आज बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल डस्टर किमान पाच-सहा वर्षे वापरलेली आहे. गाडीचा सांगाडा दणकट असल्याने ती वरवर ठाकठीक दिसते. खर्चाच्या खऱ्या जागा मात्र नजरेआड असतात. पुढे दिलेले आकडे शहरी गॅरेजमधील साधारण अंदाज आहेत. अधिकृत सेवा केंद्र आणि खासगी गॅरेज यांच्या दरांत बराच फरक पडतो.

टायमिंग बेल्ट : न दिसणारा धोका

या इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट आहे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ तो राखतो. चालत्या इंजिनात तो तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून पर्याय उरत नाही. तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. तुटण्यापूर्वी बेल्ट सहसा कोणतीही पूर्वसूचना देत नाही. शिवाय रबर केवळ धावण्याने नव्हे, तर वयानेही झिजते. त्यामुळे 'गाडी फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली आहे' या विधानाने निश्चिंत होऊ नये. बेल्ट बदलल्याचे बिल मिळाले नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते. यासाठी साधारणपणे दहा ते वीस हजार रुपये धरावेत.

क्लच आणि फ्लायव्हील

डस्टरचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसवलेला आहे. त्यातून द्रव गळू लागला की पेडल मऊ होते किंवा खालीच राहते आणि गिअर अडकत पडतात. सुटा भाग लहानसा असला, तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो व मजुरी वाढते. म्हणूनच एकदा गिअरबॉक्स उतरवला की प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि सिलिंडर एकदमच बदलतात. हा खर्च वीस ते तीस हजारांच्या आसपास जातो. ११० पीएस गाडीत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते. इंजिन सुरू वा बंद करताना खडखड ऐकू आली, तर त्याची तपासणी करून घ्यावी. ते बदलावे लागल्यास क्लचइतकाच किंवा त्याहून अधिक खर्च वेगळा येतो.

टर्बो की केवळ पाइप?

गाडी ओढत नसेल, काळा धूर सोडत असेल आणि वेग घेताना शिटीसारखा आवाज येत असेल, तर 'टर्बो गेला' असे निदान पुष्कळदा घाईने केले जाते. नवा टर्बो पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहून महाग पडतो. प्रत्यक्षात अनेकदा इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप फाटलेला असतो किंवा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरलेला असतो. ही कामे त्या मानाने किरकोळ आहेत. भेसळयुक्त डिझेलमुळे इंजेक्टर खराब झाले असतील, तर मात्र चारही इंजेक्टरचा खर्च मोठा होतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी पाहायला जावे. सकाळी पहिल्या प्रयत्नात ती सुरू होते का, धूर किती येतो, हे स्वतः पाहावे. विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

सस्पेन्शन आणि टायर

सस्पेन्शन ही डस्टरची जमेची बाजू. तरीही आपल्या खड्ड्यांपुढे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड झिजतातच. गतिरोधकावर 'खट्' असा आवाज आला, तर पाच ते पंधरा हजारांची तयारी ठेवावी. २१५/६५ आर १६ मापाचे चार नवे टायर घ्यायचे, तर तीस हजारांच्या आसपास खर्च येतो.

कागदपत्रेही तपासा

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश कायम ठेवला. त्यानंतर तेथील अनेक गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणताना मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथील रस्ता कर भरावा लागतो. हा खर्च धरला, तर दिल्लीच्या गाडीतील बचत पुष्कळशी वितळून जाते. गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, हेही पाहावे.

मॉडेल बंद झाले म्हणजे सुटे भाग मिळणारच नाहीत, ही भीती अनाठायी आहे. हेच डिझेल इंजिन निसानच्या टेरानो, सनी आणि मायक्रा या गाड्यांतही होते. बंपर, दिवे यांसारख्या भागांसाठी मात्र थांबावे लागू शकते.

सारांश, विक्रेत्याने चार लाख रुपये मागितले आणि बेल्ट, क्लच व टायर या तिन्हींची कामे बाकी असली, तर ती गाडी पावणेपाच लाखांच्या आसपास पडते. विश्वासू मेकॅनिकला सोबत नेऊन ही यादी आधीच करावी व त्यानुसार किंमत कमी करून मागावी. विक्रेता तपासणीलाच तयार नसेल, तर तो सौदा सोडून द्यावा. बाजारात दुसरी डस्टर मिळेल. इंजिन उघडण्यात गेलेला पैसा मात्र परत मिळत नाही.