दहा हजारांत सात

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटची एखादी टाकी असते. तिच्यात बोटाच्या पेराएवढे मासे शेवाळाच्या आडून पळत असतात. पावसाळा लागला की आरोग्यसेवक ते पिशवीत भरून नेतात आणि विहिरीत, हौदात, साचलेल्या डबक्यात सोडतात. डासांच्या अळ्या फस्त करणारा हा गप्पी मासा महाराष्ट्रात इतका घरचा झाला आहे की त्याचं नाव गप्पांवरूनच पडलं असणार, असं समजून कुणी पुढे विचारतही नाही. मुळात ते एक इंग्रजी आडनाव आहे, आणि तेही दुर्मीळ. नैऋत्य इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीत, डेव्हनच्या सीमेला लागून वूटन फिट्झपेन नावाचं गाव आहे. त्याच्या हद्दीत गप्पी नावाची लहानशी वस्ती आहे. जुन्या इंग्रजीत ‘गुप्पा नावाच्या माणसाचं कुंपण घातलेलं रान’ असा त्याचा अर्थ लावतात. हे आडनाव त्या वस्तीवरून आलं. गंमत अशी की ब्रिटनमधली आडनावं काउंटीवार मोजण्याचं काम ज्याने चिकाटीने तडीस नेलं, त्याचंही आडनाव गप्पीच होतं. दुर्मीळ आडनाव मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्या मोजणीतून हाती काय लागतं, हे तपासायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण. अशा मोजणीतून तयार होणारा नकाशा आडनावाचा उगम दाखवतो, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. तो नकाशा आडनाव कुठे तगलं ते दाखवतो, आणि तगण्यात कर्तृत्वापेक्षा नशिबाचा वाटा मोठा असतो.

हेन्री ब्रूम गप्पी यांचा जन्म १८५४ मध्ये कॉर्नवॉलमधल्या फालमथचा. पेशाने ते आरमारातले शल्यवैद्य आणि वृत्तीने निसर्गअभ्यासक. सॉलोमन बेटांवरचं त्यांचं पुस्तक १८८७ चं, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी ब्रिटनमधल्या आडनावांच्या घरांविषयीचं पुस्तक काढलं. काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक काउंटीची केलीची डिरेक्टरी, म्हणजे रहिवाशांची छापील व्यवसायवार सूची, घ्यायची, तिच्यातली शेतकऱ्यांची नावं वेगळी काढायची, एकेक आडनाव किती वेळा येतं ते मोजायचं आणि दर दहा हजारांमागे प्रमाण काढायचं. जे आडनाव दहा हजारांत सातांपेक्षा कमी वेळा येईल ते सोडून द्यायचं. उरलेल्यांचे त्यांनी सहा वर्ग पाडले. तीस ते चाळीस काउंट्यांत आढळणारी आडनावं एका टोकाला, तर जेमतेम एकाच काउंटीत सापडणारी, ज्यांना ते खास आडनावं म्हणत, ती दुसऱ्या टोकाला. शेतकरीच का, याचं त्यांचं उत्तर सरळ होतं. सगळ्या वर्गांत जमिनीला सर्वांत घट्ट चिकटून राहणारा तोच. व्यापारी गाव बदलतो, कारागीर कामाच्या मागे जातो, पण शेतकऱ्याला बापाचं शेत सोडवत नाही. आडनावाचं जुनं घर शोधायचं तर न हललेल्या माणसांतच शोधावं लागेल.

या युक्तिवादात निसर्गअभ्यासकाचा हात लगेच ओळखू येतो. पुढे गप्पी यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं वनस्पतींच्या प्रसारावर घालवली. कोणतं बी समुद्राच्या पाण्यावर तरंगत दुसऱ्या बेटाला लागतं, कोणतं पक्ष्याच्या पोटातून जातं, कोणतं जागच्या जागी राहतं, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. आडनावांकडेही त्यांनी तसंच पाहिलं. सर्वत्र पसरलेलं आडनाव म्हणजे वाऱ्यावर उडणारं गवत, आणि एका काउंटीपुरतं आडनाव म्हणजे एकाच खोऱ्यात उगवणारी वनस्पती. कुलवृत्तान्त म्हटलं की सरदार-दरकदारांच्या वंशावळी, असं मानण्याच्या त्या काळात कुणा गृहस्थाने साध्या शेतकऱ्यांची नावं मोजायला घ्यावीत, याचं मोठेपण नाकारण्यात अर्थ नाही. पण बियांची उपमा जिथे संपते तिथेच घोटाळाही सुरू होतो. बीला आपण कुठे जातोय हे ठाऊक नसतं आणि ते काउंटीची हद्दही ओळखत नाही. माणसाची मोजणी मात्र हद्दीच्या आतच होते, आणि ती हद्द कुठल्या तरी कचेरीने आखलेली असते.

हे कागदावर पाहायचं असेल तर जन्म-मृत्यू नोंदींची सूची उघडावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिची सूची दर तीन महिन्यांनी बनत गेली. सुरुवातीला ओळीत आडनाव, नाव, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान, एवढंच. गप्पी वस्तीच्या पंचक्रोशीतली माणसं या सूचीत शोधू लागलं की १८५२ नंतरच्या ओळींत एक मौज दिसते. बेमिन्स्टर आणि ब्रिडपोर्ट या डॉर्सेटच्या नोंदणी जिल्ह्यांपुढे खंड ५ए. लागूनच असलेल्या ॲक्समिन्स्टरपुढे ५बी, कारण ते डेव्हनमध्ये. थोडं उत्तरेला समरसेटमधलं चार्ड, त्याच्यापुढे ५सी. म्हणजे ज्यांच्या शेतांना एकच पाऊस लागतो आणि ज्यांची जनावरं एकाच बाजारात विकली जातात, अशी माणसं तीन खंडांत विभागलेली. त्यातही ॲक्समिन्स्टरच्या नोंदणी जिल्ह्यात डॉर्सेटची काही गावं मोडत. काउंटीवार बेरीज केली की एकाच घोळक्याचे तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दहा हजारांत सातांच्या खाली गेला, तर तीन काउंट्यांच्या सांध्यावर ठळक दिसणारं आडनाव तिन्हींच्या यादीतून गळू शकतं. याहून बोलका दाखला चार्डस्टॉक आणि हॉकचर्च या गावांचा आहे. १८९६ मध्ये ती डॉर्सेटमधून काढून डेव्हनला जोडली गेली. त्या गावातलं एखादं घर शतकानुशतकं जागचं हललं नसेल, तरी गप्पी यांच्या पुस्तकानंतर सहा वर्षांनी नकाशावर त्याने काउंटी बदलली.

यावर कुणी म्हणेल की हे एकोणिसाव्या शतकातलं हातकाम, आता साधनं सुधारली आहेत. ते खरंच आहे. ३ एप्रिल १८८१ च्या रविवारी रात्री ब्रिटनमध्ये जो जिथे होता तिथे त्याची नोंद झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो स्वयंसेवकांनी ती सारी शिरगणती हाताने उतरवून काढली. त्यामुळे आता शेतकरी, मजूर, मोलकरीण आणि तान्हं मूल असे सगळेच मोजता येतात. हद्दीही काउंटीपेक्षा लहान धरता येतात. पण दुर्मीळ आडनावाची अडचण हद्दीपाशी संपत नाही. त्या शिरगणतीत स्मिथ चार लाखांच्या वर आहेत. त्यातल्या दहा जणांचं नाव चुकीचं वाचलं गेलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही. शंभर माणसांच्या आडनावात दहा चुकले तर दहावा हिस्सा गेला, आणि ते दहा जण एकाच गावातले असतील तर नकाशावरचा एक ठिपकाच पुसला गेला. जुन्या वळणाच्या अक्षरात पहिलं अक्षर जी की सी, शेवट वायने की आयईने, यावर ठिपक्याचं असणं-नसणं ठरतं. म्हणून एकाच आडनावाच्या मागे लागलेले अभ्यासक, ज्यांची ब्रिटनमध्ये १९७९ पासून रीतसर संघटनाच आहे, मोजायला बसण्याआधी चुकीच्या लेखनांची यादी करतात. उंबरठा तर आजही आहेच. २०१६ मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडांचा कोश काढला. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावं आहेत. आत येण्यासाठी आज शंभराहून अधिक माणसं हवीत, किंवा १८८१ मध्ये विसाहून अधिक असायला हवी होती. दहा हजारांत सात असोत की देशात वीस, रेषा कुठे तरी ओढावीच लागते. रेषेखाली राहिलेलं आडनाव नव्हतंच असं मात्र त्यातून ठरत नाही.

मग प्रश्न येतो की काही आडनावं रेषेखाली का राहतात? घराण्याची अवनती, कुळाचा शाप, रक्ताचा कमकुवतपणा अशी उत्तरं फार काळ दिली गेली. फ्रान्सिस गाल्टन यांनाही नामांकित घराणी नामशेष होण्याची चिंता होती. त्यांनी १८७३ मध्ये हा प्रश्न गणित म्हणून मांडला आणि हेन्री विल्यम वॉटसन या धर्मगुरूने तो सोडवायला घेतला. वॉटसन यांचा निष्कर्ष शेवटी चुकला. लोकसंख्या वाढत असली तरी सगळीच आडनावं कधी ना कधी संपतील असं त्यांना वाटलं आणि ती चूक पुढच्या गणितज्ञांना दुरुस्त करावी लागली. पण मांडणी अस्सल होती. शंभर पुरुष घ्या, शंभर वेगवेगळी आडनावं. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, पण कुणाला तीन, कुणाला एकही नाही, ही वाटणी निव्वळ योगायोगाची. साधं गणित सांगतं की पहिल्याच पिढीत सदतीसेक आडनावं संपतात आणि दुसऱ्या पिढीअखेर निम्म्याहून अधिक. कुणी नालायक ठरलं म्हणून हे घडत नाही, मुली झाल्या म्हणून घडतं. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्यावर प्लेगने तिसरा हिस्सा तरी माणसं नेली, आणि आडनावं नुकतीच वंशपरंपरेने चालू लागली होती ती नेमकी त्याच सुमारास. तेव्हा जी गेली त्यांची मोजदाद कुणाकडेच नाही. पुढे १८०१ ते १८८१ या काळात इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपासवरून दोन कोटी साठ लाखांवर गेली, तेव्हा जी शिल्लक होती ती फोफावली. आजचा नकाशा त्या शिल्लक बाकीचा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की गप्पींच्या बाबतीत तर नकाशा आणि उगम जुळतातच ना? आडनावाचा दाट भाग डॉर्सेट, समरसेट आणि डेव्हनच्या त्याच कोपऱ्यात आहे आणि वस्तीही तिथेच. मान्य. पण इथे उगम सांगितला तो वस्तीच्या नावाने, नकाशाने त्याला मागून दुजोरा दिला. ती वस्ती मोडून तिचं नाव विसरलं गेलं असतं, तर त्याच ठिपक्यांवरून आपण छातीठोकपणे काय सांगू शकलो असतो? गावावरून पडलेल्या आडनावांची रीत मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सातारा सोडून पुण्यात आलेला सातारकर म्हणून ओळखला जातो, साताऱ्यात राहणाऱ्याला ते नाव देऊन वेगळं ओळखता येत नाही. वस्ती चार घरांची असेल तर तिथल्या कुळालाच तिचं नाव लागू शकतं, गाव मोठं असेल तर ते निघून गेलेल्याला लागतं. या दोन प्रकारांतले ठिपके सारखेच दिसतात, त्यांचे अर्थ मात्र उलट.

गुणसूत्रं याचा निकाल लावतील, असंही सांगितलं जातं, कारण वाय गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. ब्रायन साईक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले. २१ जणांचं गुणसूत्र एका वळणाचं निघालं आणि सगळे साईक्स एकाच मूळपुरुषाचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण उरलेले २७? दत्तकविधान, आईचं आडनाव लावणं, लग्नाबाहेरचं मूल, अशी स्पष्टीकरणं आहेत. तसंच मुळात दहा मूळपुरुष असून नऊ वंश योगायोगाने संपले असतील, तरी चित्र असंच दिसेल. टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस आडनावांचे सोळाशेहून अधिक पुरुष तपासून हा योगायोगाचा वाटा पुढे आणला. त्याआधी २००७ मध्ये त्यांच्याच गटाला पूर्व यॉर्कशरच्या एका दुर्मीळ आडनावात १८ पैकी ७ जणांकडे पश्चिम आफ्रिकेत आढळणारं वाय गुणसूत्र सापडलं होतं. त्या आडनावाचा नकाशा यॉर्कशर सोडायला तयार नाही, आणि त्या सात जणांच्या बापाच्या वंशाची वाट आफ्रिकेपर्यंत जाते. शिवाय हे सगळं केवळ बापाच्या बाजूचं. प्रत्येक लग्नात एक आडनाव मोजणीतून निघून जातं. दहा हजारांत सात म्हणताना त्या सातांच्या बहिणी कुठल्या ओळीत गेल्या, हे विचारायची सोय या पद्धतीत नाही.

म्हणून दुर्मीळ आडनाव मोजू नये असं नाही. मोजावं, पण ठिपक्याला उगमाचा दगड समजून त्याला शेंदूर फासू नये. ही सावधगिरी हेन्री गप्पींच्याच उदाहरणातून शिकता येते. जन्म कॉर्नवॉलचा, हयात बोटींवर आणि बेटांवर गेलेली, शेती नाही. त्यांच्या डिरेक्टरीच्या नियमाने ते स्वतः मोजले गेले नसते. ब्रिस्टलमध्ये व्यापारात आणि आगबोटींच्या धंद्यात नाव काढलेले गप्पीही नाहीत, आणि त्रिनिदादला स्थायिक झालेले रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी तर नाहीतच. या लेचमियर गप्पींनी तिथला एक इवलासा मासा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडला आणि आल्बर्ट गुंथर यांनी १८६६ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं. पण तोच मासा विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून १८५९ मध्येच वर्णन केला होता. शास्त्राच्या नियमाने आधीचं नाव राहिलं आणि गप्पींचं शास्त्रीय यादीतून गळलं. बोलण्यात मात्र तेच टिकलं. विहिरीत पिशवी रिकामी करणारा आरोग्यसेवक जे नाव घेतो, ते ना मासा पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचं, ना तो जिथला त्या देशाचं. डॉर्सेटच्या कुठल्याशा गुप्पाच्या कुंपणाचं आहे.