हिरड्यांची वाढ आणि फिटची गोळी

सुरतेतील बमरोली, पांडेसरा, उधना या यंत्रमागांच्या पट्ट्यात खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथील कामगाराला दंतवैद्याकडे जाणे म्हणजे बहुधा त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे. त्यामुळे समोरच्या दातांवर हिरडी चढू लागली, तरी ती दुखत नाही तोवर दुर्लक्षिली जाते.

ही वाढ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. दातांवर साचलेले कीटण हे तिचे नेहमीचे कारण; पण काही औषधेही तिला कारणीभूत ठरतात. अपस्मारावर १९३८ पासून वापरात असलेले फेनिटॉइन हे त्यातील सर्वांत परिचित. ते घेणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांत हिरड्या कमीअधिक वाढतात. रक्तदाबावरील निफेडिपिन व अ‍ॅम्लोडिपिन आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांचाही असाच परिणाम होऊ शकतो. वाढ दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकापासून सुरू होते आणि पुढच्या दातांवर अधिक दिसते.

येथेच खरा धोका आहे. दात झाकले जातात म्हणून रुग्ण परस्पर गोळी सोडतो. चालत्या मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाला फिट येणे म्हणजे जिवाशीच गाठ. पर्यायी औषधे आहेत. मात्र बदल मूळ डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

उपचाराचा आरंभ चाकूने होत नाही. प्रथम दात खोलवर साफ करतात आणि काही आठवडे वाट पाहतात. सूज असेल तर ती तेवढ्यानेच पुष्कळ ओसरते. उरलेली घट्ट वाढ जागा बधिर करून तिरक्या छेदाने काढतात आणि हिरडीला मूळचा आकार देतात. याला जिंजिव्हेक्टॉमी म्हणतात. लेझरने रक्तस्राव कमी होतो, पण साध्या पात्यानेही काम उत्तम होते. आतील हाड झिजले असेल, तर हिरडी उलगडून करावयाची निराळी शस्त्रक्रिया लागते. जखमेवर आठवडाभर लेप ठेवतात. हिरडी पूर्ण भरण्यास महिनाभर लागतो. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. हिरड्या अचानक सुजून रक्त येत असेल, तर आधी रक्ततपासणी हवी, कारण रक्ताच्या कर्करोगातही असे घडते.

गोव्यातील रुग्णांसाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे. शस्त्रक्रियेनंतर औषध तेच राहिले आणि दात अस्वच्छ राहिले, तर वाढ काही महिन्यांतच परतू शकते. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणीस बोलावतात.