मैदानातील गर्दी आणि घरातील पडदा

दूरचित्रवाणीवर सामना दिसू लागला की मैदाने ओस पडतात, ही समजूत खेळांच्या संघटकांत जगभर रूढ आहे. रणजी सामन्यांच्या रिकाम्या गॅलऱ्या पाहून आपल्याकडेही ती बोलून दाखवली जाते. या समजुतीची कसोटी पाहण्यास आयर्लंडइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तेथील दोन देशी खेळ. पहिल्यात लाकडी काठीने चेंडू टोलवायचा, दुसऱ्यात हात आणि पाय दोन्ही चालतात. हे खेळ चालवणारी ‘गेलिक ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था १८८४ साली थर्ल्स गावी स्थापन झाली आणि तिचे खेळाडू आजही खेळाचे वेतन घेत नाहीत. शिक्षक, शेतकरी, कारकून दिवसाचे काम उरकून सरावाला जातात आणि आपल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, संघ अंतिम फेरीत पोचला तर डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर खेळतात. तिकिटांचा पैसा हा या संस्थेचा मोठा आधार आहे. तो कोणा मालकाच्या खिशात न जाता मैदाने, प्रशिक्षण आणि खेड्यापाड्यांतील क्लब यांच्याकडे वळतो. प्रेक्षक घटले तर फटका कोणाला बसेल, हे निराळे सांगावयास नको.

नभोवाणीची कसोटी तेथे आधीच होऊन गेली होती. २९ ऑगस्ट १९२६ रोजी किलकेनी आणि गॉलवे यांच्यातील हर्लिंगच्या उपांत्य सामन्याचे धावते वर्णन डब्लिनच्या नभोवाणीने ऐकवले. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत मैदाने ओस पडली नाहीत, उलट गर्दी वाढत गेली. १९६१ च्या फुटबॉल अंतिम सामन्याला, डाउन विरुद्ध ऑफली, ९०,५५६ प्रेक्षक होते. तो उच्चांक आजवर मोडलेला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी आयरिश दूरचित्रवाणी सुरू झाली. १९६२ पासून अंतिम सामने थेट दिसू लागले, आणि त्या वर्षीच्या केरी–रॉसकॉमन अंतिम सामन्याला ७५,७७१ लोक आले. एका वर्षात पंधरा हजारांची घट! अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी येथेच लेखणी खाली ठेवील. परंतु १९६३ चा आकडा पाहावा. दूरचित्रवाणी चालूच होती, संचांची संख्या वाढलेली होती, आणि प्रेक्षक होते ८७,१०६. कारण त्या वर्षी खुद्द डब्लिनचा संघ गॉलवेविरुद्ध मैदानात उतरला होता. १९६१ च्या विक्रमालाही असेच कारण होते. डाउन हा उत्तर आयर्लंडमधला जिल्हा. आदल्याच वर्षी त्याने चषक प्रथमच सीमेपलीकडे नेला होता, आणि तो पराक्रम पुन्हा घडताना पाहावयास लोक लोटले होते. कोण खेळतो आहे, यावर प्रेक्षकांची संख्या जितकी हलते, तितकी कॅमेरा आहे की नाही यावर हललेली दिसत नाही.

आजच्या आकड्यांविषयी तर अधिक सावध राहावे लागते. क्रोक पार्कची क्षमता आता सुमारे ८२,३०० आहे आणि अंतिम सामन्यांची तिकिटे मिळवण्यासाठी ओळखीपाळखी काढाव्या लागतात. अशा दिवशी उपस्थितीचा आकडा मागणी दाखवत नाही, फक्त खुर्च्या मोजतो. दुसरा सापळा याहून फसवा आहे. वाहिन्या सामने चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत, ज्याची उत्सुकता अधिक तोच निवडतात. त्यामुळे प्रक्षेपित सामन्यांना अप्रक्षेपित सामन्यांपेक्षा जास्त गर्दी दिसते. एवढ्यावरून ‘प्रक्षेपणाने गर्दी वाढते’ म्हणणे आणि १९६२ वरून ‘ती घटते’ म्हणणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

मग दूरचित्रवाणीने नुकसान केलेच नाही काय? केले, पण वेगळ्या जागी. रेल्वे कप ही चार प्रांतांमधील स्पर्धा रेल्वे कंपनीने दिलेल्या चषकावरून ओळखली जाई. आपल्या दुलीप करंडकाची आठवण व्हावी, अशी तिची रचना. सेंट पॅट्रिकच्या सणाला, १७ मार्चला, तिचे अंतिम सामने क्रोक पार्कवर होत आणि १९५४ साली त्यांना सुमारे ४९ हजार लोक आले होते. प्रक्षेपण सुरू झाल्यावर ही गर्दी ओसरत गेली. पुढे हे सामने मूठभर लोकांसमोर होऊ लागले, काही वर्षे तर झालेच नाहीत.

हा फरक का पडला, हे समजून घेण्यासारखे आहे. रेल्वे कपला जाणारा माणूस आपल्या गावासाठी किंवा जिल्ह्यासाठी जात नसे. निरनिराळ्या जिल्ह्यांचे नामांकित खेळाडू एकाच दिवशी डोळ्यांनी पाहावयास मिळत, यासाठी तो तिकीट काढी. हे दर्शन पडद्याने घरबसल्या आणि फुकट दिले. उलट टिपररी किंवा मेयोचा माणूस जिल्ह्याचे रंग अंगावर चढवून, शेजाऱ्यांसह मोटारीत दाटीवाटीने बसून जो दिवस घालवतो, त्याची जागा पडदा घेऊ शकत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, जेथे केवळ खेळाचे कौशल्य विकले जाते तेथे दूरचित्रवाणी ही पर्यायी वस्तू ठरते. जेथे आपलेपणा विकला जातो तेथे ती बहुधा पूरक वस्तू असते.

आपलेपणालाही मर्यादा असते. लेन्स्टर प्रांताची फुटबॉल स्पर्धा डब्लिनने २०११ पासून २०२४ पर्यंत ओळीने चौदा वेळा जिंकली. निकाल ठरल्यासारखा झाला आणि शेवटच्या काही वर्षांत अंतिम सामन्याला अर्धे क्रोक पार्क रिकामे राहू लागले. दोष अर्थातच दूरचित्रवाणीला दिला गेला असणार. २०२५ साली मीथने डब्लिनला उपांत्य फेरीत हरवले आणि अंतिम सामना लाउथ विरुद्ध मीथ असा झाला. तोही थेट दिसत होता, तरी ६५ हजारांहून अधिक लोक आले आणि लाउथने १९५७ नंतर प्रथमच तो चषक उचलला. निकालाची अनिश्चितता हीच खेळाची खरी विक्रीयोग्य वस्तू, असा विचार सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतील बेसबॉलविषयी मांडला होता. लेन्स्टरच्या संघटकांनी तो पदरमोड करून पडताळून पाहिला, असे म्हणावे लागते.

प्रक्षेपणाचा खरा धोका मोठ्या सामन्याला नाही, त्याच वेळी चार मैलांवर चाललेल्या लहान सामन्याला आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करावयाचे नाही, हा नियम १९६० च्या दशकापासून चालत आला तो याच भीतीपोटी. खालच्या श्रेणीतील संघांच्या फाटकावरची मिळकत टिकावी, हा त्याचा हेतू. आयर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक क्लब आहेत आणि बहुतेकांच्या फाटकावर पैसे घेणारा माणूस बिनपगारी स्वयंसेवक असतो. पावसाळी रविवारी घरात चांगला सामना लागलेला असताना गावच्या कनिष्ठ संघाचा सामना पाहावयास कोण बाहेर पडेल, हा त्याच्या दृष्टीने पोटतिडकीचा प्रश्न आहे.

तथापि संस्थेने अलीकडे जी वाट धरली ती या प्रश्नाला भिडत नाही. २०१४ ते २०२२ काही सामने स्काय या सशुल्क वाहिनीकडे होते. २०२३ साली ३८ सामने ‘जीएएगो’ या पैसे भरून पाहावयाच्या सेवेवर गेले. मन्स्टरमधील हर्लिंगचे महत्त्वाचे सामने त्यांत होते, म्हणून ओरड झाली. तत्कालीन उपपंतप्रधान मायकल मार्टिन यांनी जाहीर टीका केली आणि प्रकरण संसदीय समितीपुढे गेले. सामना शुल्काआड ठेवल्याने डोनेगॉलमधला म्हातारा माणूस कॉर्कच्या मैदानावर पोचत नाही. तो फक्त सामन्याला मुकतो. ज्याला पैसे परवडतात तो घरीच बसतो, आणि गावच्या फाटकावरच्या स्वयंसेवकाच्या पेटीत काहीच पडत नाही.

पैशाची गरज संस्थेलाही आहे, हे नाकारता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये साथीमुळे दोन्ही अंतिम सामने रिकाम्या क्रोक पार्कवर झाले. सारा देश घरी बसून पाहत होता, पण तिकिटांचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या दहाव्या हिश्शावर आले होते आणि प्रक्षेपणाच्या हक्कांनी ती तूट भरून निघाली नाही. परंतु यावर उपाय वेळापत्रकात शोधावा लागेल, शुल्काच्या कुंपणात नव्हे. २०२२ पासून जिल्हा संघांचे अंतिम सामने जुलैमध्येच उरकून पुढचे महिने क्लबांना मोकळे ठेवले जातात, ही सुधारणा प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाची वाटते. आता त्या मोकळ्या महिन्यांतही टीजी फोर ही वाहिनी क्लबांचे सामने दाखवते. ते रविवारी दुपारी न दाखवता सायंकाळी उशिरा दाखवावेत, एवढी अट हक्क विकताना घालणे संस्थेच्या हातात आहे.