मध्य-महासागरी पर्वतरांगांचे भूकंपीय अध्ययन

महासागरांच्या तळावरून सु. ६५,००० किमी. लांबीची पर्वतरांग गेलेली असून तिच्या माथ्याशी भूपट्ट परस्परांपासून दूर सरकतात व त्यांच्या दरम्यान नवे कवच तयार होते. ही निर्मिती प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्यामुळे खडकांतून जाणाऱ्या भूकंप तरंगांच्या वेगावरून तेथील स्थितीचे अनुमान करतात. तापमान वाढल्यास हा वेग कमी होतो. खडक अंशतः वितळला असल्यास द्वितीयक तरंग विशेष मंदावतात. द्रवातून तर ते जाऊच शकत नाहीत.

पद्धती : जहाजामागून ओढलेल्या वायुतोफांनी पाण्यात स्पंद निर्माण करतात. परावर्तित तरंग लांब केबलीवरील ग्राहकांनी, तर प्रणमित तरंग सागरतळावर ठेवलेल्या भूकंपमापकांनी नोंदतात. प्रावरणाच्या अभ्यासासाठी दूरच्या नैसर्गिक भूकंपांच्या नोंदी वापरतात.

कवच : महासागरी कवच सरासरी ६ ते ७ किमी. जाड असते. गाळाच्या थराखाली लाव्हा व उभ्या भित्तींचा दुसरा थर आणि त्याखाली गॅब्रोचा तिसरा थर असतो. तिसऱ्या थरात प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदाला सु. ६.८ किमी. असतो, प्रावरणात तो ८ किमी.हून अधिक होतो.

पर्वतरांगेच्या अक्षाखाली शिलारसाचा मोठा कोठा असावा, असा पूर्वी समज होता. पूर्व पॅसिफिक पर्वतरांगेवर ९° ते १३° उत्तर अक्षांशांदरम्यान १९८५ मध्ये झालेल्या परावर्तन सर्वेक्षणात मात्र सागरतळाखाली १ ते २.५ किमी. खोलीवर शिलारसाचे केवळ अरुंद व पातळ भिंग आढळले. त्याखालील रुंद पट्ट्यात तरंगांचा वेग कमी असून तेथे स्फटिक व थोडा द्रव यांचे तप्त मिश्रण असल्याचे मानतात. वर्षाला सु. २.५ सेंमी. वेगाने विस्तारणाऱ्या मध्य अटलांटिक पर्वतरांगेत अशी भिंगे क्वचितच सापडतात. २००६ मध्ये तेथील लकी स्ट्राइक ज्वालामुखीखाली सु. ३ किमी. खोलीवर एक भिंग असल्याचे प्रसिद्ध झाले.

वरचे प्रावरण : ऑलिव्हीन स्फटिकांतून तरंग सर्व दिशांना सारख्या वेगाने जात नाहीत. पॅसिफिकच्या तळाखालील प्रावरणात विस्ताराच्या दिशेने जाणारे तरंग अधिक वेगवान असतात, याकडे हॅरी हेस यांनी १९६४ मध्ये लक्ष वेधले. प्रावरणातील प्रवाहामुळे स्फटिकांची मांडणी एका दिशेस होते, असा त्याचा अर्थ आहे.

द्रव्य अक्षाखाली अरुंद स्तंभातून जोराने वर येते, की भूपट्ट दूर सरल्याने रुंद भागातून ओढले जाते, हा मूलभूत प्रश्न होता. त्यासाठी १९९५-९६ मध्ये पूर्व पॅसिफिक पर्वतरांगेवर १७° दक्षिण अक्षांशाजवळ ‘मेल्ट’ प्रयोग करण्यात आला व सु. ८०० किमी. लांबीच्या रेषांवर ५१ भूकंपमापक ठेवण्यात आले. द्रवाचा अंश अल्प असून तो शेकडो किमी. रुंद भागात पसरलेला आढळला. मंदवेगी भाग अक्षाच्या पश्चिमेस, म्हणजे अधिक वेगाने सरकणाऱ्या पॅसिफिक भूपट्टाखाली जास्त पसरलेला होता. यावरून निदान येथे तरी प्रावरणाचे उत्थान हे भूपट्टांच्या अपसरणाचे कारण नसून मुख्यतः त्याचा परिणाम आहे, या मतास पुष्टी मिळाली.