शोधनिबंधाची परीक्षा

नाशिकजवळ एकलहरे येथें औष्णिक विद्युत्केंद्र आहे. तेथें कोळसा जळून वीज होते आणि मागें राख उरते. अशा राखेच्या विटा करतात. ती सिमेंटांतही मिसळतात. त्याच परिसरांत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आतां अशी कल्पना करावी कीं, एखाद्या अध्यापकानें या राखेच्या विटांवर प्रयोग केले, त्या किती भार सोसतात हें मोजलें आणि त्यावर निबंध लिहून तो एका संशोधन-नियतकालिकाकडे धाडला. निबंध छापला गेला तर अध्यापकाच्या बढतीस हातभार लागेल. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, त्यांतील आंकड्यांवर विसंबून कोणी तरी भिंत उभारील. त्या भिंतीआड राहणारें कुटुंब तो निबंध कधींही वाचणार नाहीं. म्हणूनच जाणत्यांनीं तो आधीं वाचलेला असणें अगत्याचें असतें. हें वाचन निःपक्षपातीपणें घडवून आणणें हें संपादकाचें मुख्य कर्तव्य होय.

ही प्रथा वाटते तितकी जुनी नाहीं. हेन्री ओल्डेनबर्ग यानें १६६५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचें नियतकालिक सुरू केलें, तेव्हां काय छापावें हें बहुतांशीं तोच ठरवी. तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागविण्याची रीत त्या संस्थेंत १८३२ च्या सुमारास आली. विसाव्या शतकांतही ती सर्वत्र रुळलेली नव्हती. १९३६ सालीं आइन्स्टाइन यांनीं एका सहकाऱ्यासह लिहिलेला गुरुत्वलहरींविषयींचा निबंध अमेरिकेंतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. संपादक जॉन टेट यांनीं तो परीक्षकाकडे दिला व परीक्षकानें शंका काढल्या. आपल्या संमतीवांचून निबंध तिऱ्हाइतास दाखविला म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनीं तो परत घेतला. पुढें तो अन्यत्र प्रसिद्ध झाला, तेव्हां मूळचा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षकाची शंका रास्त ठरली होती. ‘नेचर’सारख्या विख्यात साप्ताहिकानेंही प्रत्येक निबंधास बाहेरील परीक्षण आवश्यक केलें तें १९७३ मध्यें.

विटांचा निबंध हातीं आल्यावर संपादक प्रथम तो आपल्या विषयांतला आहे कीं नाहीं, त्यांत दुसऱ्याचें लिखाण उचललेलें नाहीं ना, आणि प्रयोगाची रीत दुसऱ्या कोणास पुन्हा करून पाहतां येईल इतकी स्पष्ट आहे कीं नाहीं, हें पाहतो. या चाळणींत निबंध टिकला नाहीं, तर तसें लवकर कळविणें हाही न्यायच होय. नकार देण्यासाठीं सहा महिने ताटकळत ठेवणें हा लेखकावर अन्याय असतो.

त्यानंतर परीक्षकांची निवड. येथेंच संपादकाची खरी कसोटी लागते. परीक्षक विषयाचा जाणकार हवा, पण लेखकाचा गुरु, शिष्य, सहकारी वा उघड प्रतिस्पर्धी नसावा. विटांच्या कारखान्यांत ज्याचा पैसा गुंतला आहे त्यानें तें आधीं सांगावें आणि बाजूस व्हावें. खुद्द संपादकाचा किंवा त्याच्या आप्ताचा निबंध असेल तर निर्णय दुसऱ्याच्या हातीं सोंपवावा लागतो. लेखकानें स्वतः परीक्षकांचीं नांवें सुचवावीं अशीही कोठें कोठें चाल आहे. परंतु ती किती घातक ठरूं शकते हें २०१४ सालीं जगास दिसलें. ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकास त्या वर्षीं ६० निबंध मागें घ्यावे लागले, कारण बनावट नांवांचे परीक्षक उभे करून अनुकूल अभिप्राय मिळविण्यांत आले होते. सुचविलेला मनुष्य खरोखर अस्तित्वांत आहे कीं नाहीं, हें पाहणेंही तेव्हांपासून संपादकाच्या वाट्यास अधिकच आलें.

पक्षपात टळावा म्हणून पुष्कळ ठिकाणीं लेखक व परीक्षक या दोघांचींही नांवें परस्परांपासून झांकून ठेवतात. हा उपाय चांगला असला तरी पुरा नव्हे. ‘एकलहऱ्याची राख’ हे शब्द वाचतांच जाणकारास लेखकाचा तर्क करतां येतो. पडदा फाटका असला कीं, परीक्षकाच्या प्रामाणिकपणावरच भिस्त ठेवावी लागते. त्यानें निबंध गुप्त ठेवावा, त्यांतील कल्पना स्वतःच्या कामीं लावूं नये, मुदत पाळावी आणि अभिप्राय लेखाबद्दल द्यावा, लेखकाबद्दल नव्हे. एवढें सारें तो बहुधा विनामूल्य करतो, हेंही विसरतां कामा नये.

दोन परीक्षकांचीं मतें विरुद्ध आलीं तर काय करावें? संपादकानें मतें मोजावयाचीं नसतात, कारणें तोलावयाचीं असतात. एक म्हणतो ‘उत्तम’, दुसरा म्हणतो ‘विटा भिजवून चांचणी केलेली नाहीं’. अशा वेळीं दुसऱ्याच्या एका ओळीचें वजन पहिल्याच्या पानभर स्तुतीहून अधिक भरतें. लेखकास उत्तर देण्याची संधि द्यावी, नकार दिला तर कारणें द्यावीं, आणि त्यावर दाद मागण्याची वाट मोकळी ठेवावी.

इतकें करूनही चूक होते. मुंबईचें ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हें नियतकालिक, आरंभीं निराळ्या नांवानें, १९९३ पासून निघत आहे. वैद्यकीय नीतिविचार हाच त्याचा विषय. एप्रिल २०१८ च्या अखेरीस त्यांत एक लेख आला. स्वीडनमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या वाढीचा संबंध प्रतिबंधक लसीशीं असावा, असें त्यांत सुचविलें होतें. लेखकानें सांगितलेल्या स्वीडनमधील संस्थेनें ‘असा मनुष्य आमच्याकडे नाहीं’ असें कळविलें. नांवही टोपण निघालें. संपादकांनीं प्रथम संस्थेचें नांव काढून, खुलासा छापून लेख ठेवला; पण कांहीं आठवड्यांत तो मागें घेतला. नीतीचाच विचार करणाऱ्यांनाही असा पेंच पडतो. मात्र चूक मुकाट्यानें पुसून न टाकतां वाचकांसमोर मांडावी लागते, हेंही त्यांतून दिसलें.

येथें कोणी विचारील कीं, चांगलीं नियतकालिकें कोणतीं हें सरकारनेंच ठरवून दिलें तर? तोही प्रयोग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची तपासणी पुणें विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. विद्यापीठांच्या शिफारशीनें यादींत शिरलेल्या, पण अन्य मान्य सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीचीं असावीं, असा निष्कर्ष त्यांनीं मार्च २०१८ मध्यें ‘करंट सायन्स’मध्यें मांडला. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नांवें गाळलीं. पुढें २०१९ मध्यें ‘केअर’ नांवाची नवी यादी आली आणि तिच्या कामाचें केंद्र पुणें विद्यापीठांतच होतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें आयोगानें तीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर व अध्यापकांवर परत सोंपविली.

यादी असो वा नसो, पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारा आणि ‘विटा भिजवून पाहा’ म्हणून तो परत पाठविणारा, यांतील अंतर अध्यापकास कळलें पाहिजे. पहिल्याजवळ बढती लवकर मिळेल. दुसऱ्यानें परत धाडलेल्या निबंधासाठीं मात्र पावसाळ्यापूर्वीं आणखी एक प्रयोग करावा लागेल. भिंत भिजल्यावरही उभी राहील कीं नाहीं, तें त्या प्रयोगांतच कळेल.