माशांनाही पाणी मानवावे लागते

नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या माणसाला घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हाच, “काय, तिकडचे पाणी मानवले का?” पाणी बदलले की प्रकृती बिघडते, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होते. मग ज्या जिवाचे घरदार, अंथरूण-पांघरूण आणि श्वाससुद्धा पाण्यातच, त्याच्या बाबतीत हा प्रश्न केवढा मोठा असेल!

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ साली. तिथले रंगीबेरंगी मासे पाहून परतताना “आपल्याकडेही मासे आणू या ना!” असा हट्ट किती बालगोपाळांनी धरला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. हट्ट पुरवला जातो, दिवाणखान्यात काचेची पेटी येते, पहिला महिना मोठ्या कौतुकात जातो. मग एके दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसतात. दुकानदार म्हणतो, जात नाजूक होती. वडील म्हणतात, मुलांनी खाणे फार घातले. आजी म्हणते, मुक्या जिवाला कोंडून ठेवल्याचे हे फळ. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसत असते, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. पुष्कळदा खरा गुन्हेगार तेच असते.

सामू म्हणजे काय?

पाणी आंबट की खारवट, म्हणजे शास्त्राच्या भाषेत आम्लधर्मी की अल्कधर्मी, हे मोजण्याची पट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली सुचवली. कोपनहेगनची कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा ही बिअरच्या कारखान्याने काढलेली. तिथे काम करताना त्याला ही युक्ती सुचली. हाच तो पीएच. शाळेच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘सामू’ म्हणतात. ७ हा मधला आकडा. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान, दही साडेचारच्या आसपास आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी ८ च्या जरा वर.

या पट्टीत एक गोम आहे. तिची प्रत्येक पायरी दसपट असते. सामू ७ वरून ६ वर आला तर पाणी दसपट आम्ल झाले, ५ वर आला तर शंभरपट. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो या काळसर पाण्याच्या नदीत सामू ५ च्याही खाली जातो, तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात तो ९ च्या आसपास असतो. म्हणजे दोहोंत दहा हजार पटींचे अंतर! दोन्हीकडचे मासे दुकानात मात्र शेजारशेजारच्या पेट्यांत मांडलेले दिसतात आणि आपण रंग पाहून दोन्ही उचलून आणतो.

फेस सांगतो पाण्याचा गुण

दुसरा गुण गृहिणींच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते दुष्फेन किंवा जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतके क्षार असले, की एक जर्मन अंश धरतात. साधारणपणे चार-पाच अंशांपर्यंतचे पाणी हलके, बाराच्या पुढचे जड.

मुंबईला विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या तलावांपासून पाणी मिळत आले. पुढे आणखी धरणांची भर पडली. हे काळ्या कातळावरून वाहत आलेले पावसाचे पाणी, म्हणून ते एकंदरीत हलके. उलट ज्या सोसायटीत बोअरचे पाणी चढवतात, तिथे ते बहुधा जड. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर दोन घरांचे पाणी असे निराळे असू शकते. म्हणून शेजाऱ्यांकडे मासे झकास जगले यावरून आपल्याकडेही जगतील, असे समजू नये.

जड पाण्यात बहुधा बायकार्बोनेटेही भरपूर असतात. ही बायकार्बोनेटे म्हणजे पाण्याची ढाल. आम्ल आले की ती ते पचवतात आणि सामू जागच्या जागी राहतो. हलक्या पाण्यात ही ढाल पातळ असते.

रविवारची साफसफाई

आता पेटीत काय घडते ते पाहा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. वाळूत व फिल्टरमध्ये वस्ती केलेले उपकारी जंतू त्याचे नायट्रेट करतात. पण या कामात आम्ल निर्माण होते. हलक्या पाण्यातली ढाल काही महिन्यांत संपते आणि सामू सहाच्याही खाली घसरतो. एवढ्या आम्ल पाण्यात जंतू मंदावतात, अमोनिया साचू लागतो. तो आम्ल पाण्यात अमोनियम या सौम्य रूपात राहतो, म्हणून मासे कसेबसे तग धरतात.

अशातच दिवाळी जवळ येते, पेटी गढूळ दिसते आणि कर्ते पुरुष बाह्या सरसावून अर्धेअधिक पाणी उपसतात व नळाचे ताजे पाणी भरतात. सामू एकदम आठाकडे उसळतो. सामू ७ असताना साचलेल्या अमोनियापैकी शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. ८ ला पाच भाग होतात आणि ९ ला पस्तिसाच्या वर जातात. म्हणजे कालपर्यंत निरुपद्रवी असलेला साठा तासाभरात विष बनतो. शिवाय माशाचे रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असते. कल्ल्यांतून आत शिरणारे पाणी त्याचे मूत्रपिंड सतत बाहेर टाकत असते. क्षारांचे प्रमाण एकाएकी बदलले की हा जमाखर्चही कोलमडतो. आपण स्वच्छता म्हणून केले, माशांना मात्र तो घातच!

तेव्हा नियम एकच : थोडे पण वारंवार. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. जुन्या, दुर्लक्षित पेटीत मात्र पहिले काही दिवस दहाव्या हिश्श्यावर भागवावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी ते दिवसभर उघडे ठेवावे किंवा फोटोग्राफर वापरतात त्या ‘हायपो’चे दोन-चार खडे वेगळ्या बाटलीत विरघळवून त्याचे काही थेंब घालावेत. आटलेल्या पाण्यात नुसती भर घालत राहू नये. आमटी आटली की खारट होते, तसेच पेटीतले क्षार मागे उरून पाणी जड होत जाते.

स्वयंपाकघरातले उपाय

सामू आणि अंश मोजण्याचे थेंबांचे संच माशांच्या दुकानात मिळतात. मोजणी रोज एकाच वेळी करावी. रात्री वनस्पतींच्या श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो, म्हणून सकाळी सामू उतरलेला आणि संध्याकाळी चढलेला दिसतो.

ढाल पातळ असेल तर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. ५० लिटर पाण्याला दीड ग्रॅम सोडा घातला की ती सुमारे एक जर्मन अंशाने वाढते. एका दिवसात याहून जास्त घालू नये. फिल्टरमध्ये संगमरवराचे मूठभर तुकडे ठेवले तर काम आणखी सावकाश होते. मात्र समुद्रकिनाऱ्यावरून हौसेने आणलेले शंख-शिंपलेही हेच करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पेटीत ठेवायच्या दगडावर आधी लिंबू पिळून पाहावे. बुडबुडे आले तर तो चुन्याचा.

पाणी जड असेल तर त्यात पावसाचे स्वच्छ पाणी किंवा आरओ यंत्राचे पाणी मिसळावे. बारा अंशांच्या पाण्यात जवळजवळ क्षारहीन पाणी निम्मे घातले की सहा अंश, इतके सोपे गणित. पाणी हलके झाल्यावर देशी बदामाची गळून वाळलेली दोन पाने धुऊन टाकली तर ते चहासारखे पिवळट होते आणि सामू हळूहळू उतरतो. जड पाण्यात मात्र पानांचे काही चालत नाही. सामू उतरवणाऱ्या बाटलीतल्या औषधाचीही तीच गत. ढाल शिल्लक असेपर्यंत आज उतरलेला आकडा उद्या पुन्हा वर चढतो आणि या झोक्यानेच मासे खचतात.

पाहुणे कोणते बोलवावेत?

खरे शहाणपण पाणी वाकवण्यात नाही, पाण्याजोगे मासे निवडण्यात आहे. बोअरचे पाणी असेल त्यांनी गप्पी, मोली, स्वोर्डटेल आणावेत. त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून १८६६ साली नाव मिळालेला हा मासा डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्या विहिरींत केव्हाच रुळला आहे. तलावाचे हलके पाणी असेल तिथे निऑन टेट्रा, एंजल, बार्ब शोभतात. निऑन हा वरच्या ॲमेझॉन खोऱ्यातला. शास्त्रज्ञांनी त्याचे नामकरण केले १९३६ साली. आपल्याच पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकाच्या ओढ्यांतला, लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब तर जगभर मिरवतो. २०१३ साली त्याच्या कुळाला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. मात्र तो वाहत्या पाण्याचा, थव्याने राहणारा जीव. लहान पेटीत त्याला कोंडू नये.

आणि आकड्यांच्या मागे वेडे होऊ नये. मत्स्यशेतीत वाढलेले मासे साडेसहा ते साडेसात सामूत बहुधा सुखाने राहतात. पुस्तकातला नेमका आकडा रोज ओढाताण करून गाठण्यापेक्षा जवळपासचा, पण स्थिर आकडा माशांना अधिक मानवतो. घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती एक वही द्यावी आणि दर रविवारी सामू, अंश व बदललेले पाणी यांची नोंद करायला सांगावी. मासे आजारी पडण्याआधी ती वही बोलू लागते. मुक्या जिवाची काळजी कशी घ्यावी, याचा धडाही त्या मुलाला आपोआप मिळतो.